बँकेने पैसे का कापले? खान्देशातल्या खातेदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मना पैसा कथा ग्यात?" म्हणजे माझे पैसे गेले कुठे? बँकेत काउंटरमागे बसायचो तेव्हा हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर यायचा. निवृत्त होऊन चोपड्याला घरी आलो, तरी पासबुक घेऊन ओट्यावर येणारी माणसं थांबलेली नाहीत. कुणाचे ५९ रुपये गेलेले असतात, कुणाचे ५९०. रक्कम छोटी म्हणून कुणी बँकेत जाऊन भांडत नाही. वर्षाची बेरीज मांडली की मात्र युरियाच्या चार-पाच गोण्या सुटल्या असत्या असं लक्षात येतं.

मला यात एकच मूळ दिसतं. आपल्याकडे पैसा हंगामाने येतो आणि बँक तो तारखेने कापते. केळी कापली की, कापूस मोजला की, मिरची विकली की एकदम रक्कम येते, आणि पुढचे दोन-तीन महिने खातं कोरडं. खालचे बहुतेक प्रश्न याच फटीतून आलेले आहेत.

माझं साधं सेव्हिंग खातं आहे. शिल्लक नसताना ते उणे जाऊ शकतं का?

साध्या बचत खात्याला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे उचलायची सोय, नसते. खात्यात ३०० असताना पंपावर ५०० चं पेट्रोल भरायला गेलात, तर फोन 'अपुरी शिल्लक' म्हणतो आणि व्यवहार होत नाही. म्हणजे तुमच्या नकळत बँक उसने देते आणि वर दंड लावते, असं आपल्याकडे सहसा घडत नाही.

आपल्याकडे पैसे जातात ते दुसऱ्या वाटांनी: शिल्लक कमी ठेवल्याचा दंड, हप्ता परत गेल्याचं शुल्क, एटीएम कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे. खात्यात तेवढी रक्कम नसेल तर बँक ती थकबाकी म्हणून लिहून ठेवते. मग सहा महिन्यांनी कापसाचे पैसे आले की सगळ्यांत आधी हात मारते ती बँक. ज्याला 'एकदम सातशे रुपये गेले' असं वाटतं, त्याचे ते खरं तर महिना-महिना साचलेले असतात.

किमान सरासरी शिल्लक म्हणजे तेवढे पैसे रोज ठेवायचे का?

नाही. आणि हे नीट समजून घ्या, कारण अर्धे दंड फक्त हे न समजल्यामुळे भरले जातात.

बँक रोज दिवसअखेरची शिल्लक पाहते. महिन्यातल्या सगळ्या दिवसांची बेरीज करते आणि दिवसांच्या संख्येने भागते. सरासरी २,००० ची अट असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात ही बेरीज ६०,००० भरली पाहिजे. ती कशी भरायची हे तुमच्या हातात आहे.

रावेरकडच्या एखाद्या केळी उत्पादकाचं उदाहरण घ्या. महिनाभर खात्यात १५० रुपये. १२ तारखेला व्यापाऱ्याने ८५,००० टाकले, यांनी १४ तारखेला सकाळी ८४,००० काढून मजुरी आणि खताची उधारी चुकवली. खात्यात पैसे दोनच रात्री राहिले, पण दोन रात्रींची बेरीज झाली १,७०,३००. अट केव्हाच पार पडली. दुसरीकडे निवृत्त गुरुजी रोज इमानदारीने १,९०० ठेवून बसले. त्यांची सरासरी १,९००, म्हणजे दंड गुरुजींना! हिशेब असा आहे, न्याय-अन्याय बाजूला ठेवा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सकाळी आलेले पैसे त्याच संध्याकाळी काढले तर ते मोजलेच जात नाहीत. किमान एक रात्र त्यांना खात्यात झोपू द्या. दुसरं, महिना संपत आल्यावरही चूक दुरुस्त करता येते. २५ तारखेपर्यंतची बेरीज ४०,००० झाली असेल तर २०,००० कमी आहेत. उरलेले पाच दिवस रोज ४,००० राहिले की झालं. अगदी ३० तारखेला आठवलं, तर त्या एका रात्रीपुरते २०,००० ठेवावे लागतील. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात. तुमची बँक काय धरते ते आधी विचारा, नाहीतर सगळं गणित चुकेल.

कोणत्या बँकांनी ही अटच काढून टाकली आहे?

स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सगळ्या बचत खात्यांवरची अट काढली. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही साध्या बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. बडोदाच्या काही खास प्रकारच्या खात्यांना अट अजून आहे, तेव्हा पासबुकावर खात्याचा प्रकार कोणता लिहिलाय ते पाहा.

खासगी बँकांचं वारं उलट्या दिशेचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ५०,००० ची सरासरी जाहीर केली. ओरड झाल्यावर चार-पाच दिवसांत ती १५,००० वर आणली. निमशहरी भागासाठी ७,५०० आणि ग्रामीण भागासाठी २,५०० ठरले. किमान शिल्लक किती ठेवायची हे ज्या त्या बँकेने ठरवायचं, रिझर्व्ह बँक त्यात पडत नाही, असं गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी त्याच वेळी सांगितलं. खातं उघडायला घरी आलेला गोड बोलणारा पोरगा हे सांगत नाही. तुम्ही विचारा.

दंड लावण्याआधी बँकेला कळवावं लागतं का? वाटेल तेवढा दंड लावता येतो?

रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात याचं उत्तर आहे. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली तर एसएमएसने, ईमेलने किंवा पत्राने कळवायचं, आणि भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, केवळ या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये.

तुटीच्या प्रमाणात म्हणजे कसं? समजा अट ३,००० ची आहे, सरासरी १,८०० निघाली. तूट १,२००. बँकेचा दर तुटीच्या ६ टक्के असेल तर ७२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८५ रुपये. ज्यांचा मोबाइल नंबर बदललाय आणि बँकेत जुनाच आहे, त्यांना इशाऱ्याचा एसएमएस पोचतच नाही. पोराने नवं सिम घेतलं आणि जुनं फेकून दिलं, ही गोष्ट मी शेकड्याने पाहिली आहे.

हप्त्याला फक्त ७० रुपये कमी पडले आणि हजाराच्या घरात फटका बसला. हे कसं?

कारण इथे दोघं कापतात. गाडीचा, मोबाइलचा, फ्रिजचा हप्ता 'नॅच' नावाच्या व्यवस्थेतून जातो. तुम्ही कर्ज घेताना सही करून फायनान्स कंपनीला दर महिन्याला पैसे ओढायची परवानगी दिलेली असते. हप्ता ३,२५० चा आणि खात्यात ३,१८०, तर बँक ३,१८० देत नाही, आख्खा हप्ता परत पाठवते. परत पाठवल्याचं शुल्क तुमची बँक घेते, बऱ्याच ठिकाणी २५० ते ५०० आणि वर जीएसटी. तिकडे फायनान्स कंपनी स्वतःचं बाउन्स शुल्क वेगळं लावते. चार-सहा दिवसांनी कंपनीने पुन्हा तोच हप्ता लावला आणि तोही परत गेला, तर बँकेचं शुल्क पुन्हा.

शिरपूरच्या एका तरुणाचं पासबुक मी पाहिलं. पगार ७ तारखेला, हप्ता ५ तारखेला. पोरगा उडाणटप्पू नव्हता, दर महिन्याला ७ तारखेला पैसे भरायचा. तरी दर महिन्याला मार खायचा. मी त्याला एकच काम सांगितलं: कंपनीला अर्ज दे आणि हप्त्याची तारीख १० कर. काही कंपन्या थोडी फी घेऊन बदलून देतात, काही नाही म्हणतात. कर्ज घेतानाच तारीख मागून घेणं सगळ्यांत सोपं. तेव्हा त्यांना गिऱ्हाईक हवं असतं.

आणखी दोन गोष्टी. कर्जाच्या करारातल्या अटी मोडल्याबद्दल जो दंड लागतो, तो व्याजाच्या दरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. कंपनीकडून खातेउतारा मागवून तपासा. दुसरं म्हणजे, हप्ता परत जाणं हा निव्वळ फीचा मामला नाही. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे अपुऱ्या शिल्लकीमुळे असा व्यवहार परत गेला तर चेक न वटल्यासारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते. शिवाय सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीवर, डाग पडतो तो वेगळाच, आणि तो ट्रॅक्टरचं कर्ज मागायला जाल तेव्हा दिसतो.

हप्त्याची तारीख रविवारी आली तर सोमवारी कापतात ना?

पूर्वी तसं होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सगळे दिवस चालतं. रविवार, पोळा, दिवाळी काही नाही. पैसे आदल्या रात्री खात्यात असू द्या, कारण हप्ता बहुधा सकाळीच लागतो. "दुपारी भरणारच होतो" याला मशीन विचारत नाही.

चेक दिला आहे. वटायला दोन दिवस लागतात, तोवर भरले तर चालेल ना?

हा हिशेब आता सोडा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात. समोरच्याने सकाळी भरलेला चेक त्याच संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यावर येऊन धडकतो.

चेक परत गेला तर नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर समोरचा ३० दिवसांत नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही रक्कम दिली तर विषय तिथेच मिटतो. नाहीतर कोर्टात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कृषी केंद्रवाल्याला 'भरोसा म्हणून' कोरा चेक देऊन ठेवायची सवय आपल्या भागात फार आहे. त्या चेकवर रक्कम आणि तारीख कोण, कधी घालेल ते देवाला माहीत.

पैसे हंगामाला येतात. वर्षभर खातं सांभाळायचं कसं?

मी घरात दोन खाती ठेवायला सांगतो. एक 'येण्याचं': किमान शिल्लकीची अट नसलेलं. केळीचे, कापसाचे, दुधाचे पैसे त्यात. दुसरं 'जाण्याचं': हप्ते, विमा, वीजबिल फक्त यातून. मोठी रक्कम आली की पुढच्या तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढे पैसे त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि त्या खात्याचं यूपीआय फोनमध्ये जोडायचंच नाही. यूपीआय जोडलं की चहा-नाश्ता, रिचार्ज, पोरांचे गेम यांत हप्त्याचे पैसे कधी पाझरून गेले ते समजतही नाही.

पाच खाती नकोत. एकेक खातं म्हणजे एकेक कार्ड-फी आणि एकेक विसरलेला नंबर.

माझ्या बायकोची पद्धत याहून जुनी. कॅलेंडरवर कापण्याच्या तारखांना लाल खूण आणि त्याच्या तीन दिवस आधी निळी. निळ्या तारखेला ती मला शिल्लक पाहायला लावते. ॲप-बिप काही नाही, आणि आमचा एकही हप्ता कधी परत गेलेला नाही.

लाडकी बहीण किंवा पीएम किसानचे पैसे आले आणि लगेच कापले गेले. असं करता येतं का?

२०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले तेव्हा हेच झालं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या खात्यांत योजनेचे पैसे आले, आणि साचलेल्या थकबाकीत जिरले. त्यावर आरडाओरड झाली आणि योजनेचे पैसे कापू नका, असं शासनाने बँकांना बजावलं. तुमच्याबाबतीत असं झालं असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. मी भरून दिलेल्या अर्जांपैकी बऱ्याच जणींचे पैसे परत आले.

कायमचा उपाय वेगळा आहे. योजनेचे पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारवर चालणाऱ्या योजनांत ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि अनेक खाती असली तरी आधारची ही जोडणी एकाच बँकेशी असते, बहुधा शेवटी जोडलेल्या. मायआधारच्या संकेतस्थळावर ते पाहता येतं. धडगाव-अक्कलकुव्याकडची कित्येक मंडळी कामाला सुरतेला किंवा सुरत-बारडोलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला जातात, तिथे कुणीतरी खातं उघडून देतं, आधार तिकडे जोडलं जातं, आणि इथे गावात बाई विचारत बसते की पैसे का आले नाहीत.

शून्य शिल्लकीचं खातं कसं मिळतं?

कुठल्याही बँकेत 'बेसिक सेव्हिंग' खातं मागा. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा. महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. चालू असलेलं साधं खातंही अर्ज देऊन यात बदलून मिळतं. अट अशी: त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. जनधन खातं याच जातीचं.

जनधनवर दहा हजार मिळतात म्हणे. ते परत करायचे का?

करायचे. ते अनुदान नाही, ओव्हरड्राफ्ट आहे, व्याज लागतं. खातं सहा महिने नीट वापरलेलं हवं, वय ६५ पर्यंत, आणि घरातल्या एकालाच, शक्यतो बाईला. मर्यादा १०,००० पर्यंत; त्यातले २,००० पर्यंत विनाअट. 'फुकटचे' समजून काढणाऱ्यांची पुढची सगळी आवक बँक त्यात वळती करते, आणि मग ती माणसं म्हणतात की योजनेनेच फसवलं.

ओव्हरड्राफ्ट, सीसी, करंट खातं... यांत फरक काय?

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं) साल ठरतं, आणि सालदार गरजेला मालकाकडून उचल घेतो. ओव्हरड्राफ्ट म्हणजे बँकेकडून आधीच ठरवून ठेवलेली उचल. मर्यादा ठरलेली; त्यातले जेवढे वापराल, जेवढे दिवस वापराल, तेवढ्यावरच व्याज. सालदाराच्या उचलीसारखंच, न मोजता घेत गेलात तर साल संपतं आणि ती फिटत नाही.

करंट खातं व्यापाऱ्याचं. त्यावर व्याज मिळत नाही, व्यवहार भरपूर करता येतात, पण किमान शिल्लक जास्त लागते. नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याला किंवा जळगावच्या दालमिलवाल्याला बँक मालाच्या तारणावर जे सीसी (कॅश क्रेडिट) देते, ते ओव्हरड्राफ्टचंच भावंड. फक्त तिथे दर महिन्याला साठ्याचा तक्ता द्यावा लागतो. माल कमी झाला की उचलायची मर्यादाही कमी होते. सीसी २० लाखांचं मंजूर आहे म्हणून २० लाख नेहमी मिळतील, या भ्रमात राहून कित्येकांचे चेक परत गेलेत.

शेतकऱ्याचं केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्डही याच तऱ्हेने चालतं. इथे मला एका सवयीबद्दल बोलायचंय. जूनमध्ये कर्ज मंजूर झालं की लोक सगळी रक्कम एकदम उचलून सेव्हिंगला टाकतात. तिकडे ७ टक्क्यांनी व्याज सुरू, इकडे सेव्हिंगला अडीच-तीन टक्के. लागेल तसे काढा ना! ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट मिळते, आणि उरलेल्याचा भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उचलतं. मुदत एक दिवसाने चुकली तरी या सवलतीवर पाणी.

लग्नासाठी एफडी मोडू की त्यावर ओव्हरड्राफ्ट घेऊ?

पैसे दीड-दोन महिन्यांत परत यायचे असतील तर ओव्हरड्राफ्ट. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं, आणि रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतं. ७ टक्क्यांची एक लाखाची एफडी आहे, ओव्हरड्राफ्ट ८ टक्क्यांनी, त्यातले ४०,००० वापरले ४५ दिवस. व्याज होतं सुमारे ३९५ रुपये, आणि एफडी तिकडे वाढतच राहते. परत कधी येतील याचा नेम नसेल तर मात्र मोडलेली बरी. मुदतपूर्व मोडल्याचा टक्का-अर्धा टक्का जातो, पण डोक्यावर काही राहत नाही.

नोकरी सोडली. सॅलरी खात्यावर दंड का लागला?

माझ्या पुतण्याचं हेच झालं. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होता, तिथून नाशिकला गेला. सॅलरी खातं शून्य शिल्लकीचं असतं ते पगार येतोय तोपर्यंतच. दोन-तीन महिने पगार दिसला नाही की बहुतेक बँका ते साध्या बचत खात्यात बदलतात आणि शिल्लकीची अट जागी होते. नोकरी बदलली की त्याच महिन्यात खात्याचा निकाल लावा: बंद करा, नाहीतर बेसिकमध्ये बदला. वर्ष उलटलेलं खातं बंद करायला बहुतेक बँका काही घेत नाहीत. नव्या खात्याला पहिल्या १४ दिवसांतही सहसा फी नसते.

दोन वर्षं व्यवहारच नसेल तर खातं निष्क्रिय होतं. अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे.

मे महिन्याच्या शेवटी ४५६ रुपये कसले गेले?

दोन विमे. जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०. दोघांचं वर्ष १ जून ते ३१ मे. हे पैसे वाचवायच्या नादात खातं रिकामं ठेवू नका. २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे, आणि शिल्लक नसल्याने तो बंद पडला तर घरच्यांना कळतं ते अपघात झाल्यावरच.

एटीएममध्ये पैसे निघाले नाहीत, खात्यातून मात्र गेले.

घाबरू नका, पावती जपा. पाच दिवसांत बँकेने आपणहून परत टाकायचे असतात. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्या भागात महिन्याला पाच व्यवहार मोफत आहेत, त्यानंतर २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. शिल्लक नसताना कार्ड घालून बघितलं आणि व्यवहार नाकारला गेला, तरी बऱ्याच बँका वीस-पंचवीस रुपये घेतात. बाजारच्या दिवशी 'आले का पैसे' म्हणून तीन वेळा काढून पाहणाऱ्यांनी हे वाचावं.

मुलगा अमेरिकेत शिकतो. तीन डॉलरच्या कॉफीवर त्याच्या खात्यातून ३५ डॉलर गेले!

तिकडचं चेकिंग खातं, म्हणजे रोजच्या खर्चाचं खातं, आपल्या सेव्हिंगपेक्षा वेगळ्या स्वभावाचं. शिल्लक नसतानाही तिथली बँक व्यवहार होऊ देते, आणि त्याबद्दल ओव्हरड्राफ्ट फी लावते. कित्येक बँकांत ती ३०-३५ डॉलरच्या आसपास राहिली आहे. काही मोठ्या बँकांनी अलीकडे ती कमी केली किंवा बंद केली. मोठ्या बँकांसाठी ही फी ५ डॉलरवर आणायचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला होता, पण तो लागू व्हायच्या आधीच २०२५ मध्ये तिथल्या संसदेने रद्द केला.

मुलाला एक गोष्ट सांगा. २०१० पासून तिथे नियम आहे की एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकेकट्या खरेदीवर ही फी लावायची तर ग्राहकाची आधी संमती लागते. खातं उघडताना फॉर्मवर बहुधा त्याने टिक केली असेल. ती संमती कधीही मागे घेता येते. मग कार्ड नुसतं नाकारलं जातं, फी लागत नाही. चेक आणि आपोआप जाणाऱ्या बिलांना मात्र हे संरक्षण नाही, तेव्हा भाड्याच्या तारखेला शिल्लक हवीच.

पतसंस्थेतल्या खात्यालाही हेच नियम?

नाहीत. पतसंस्था बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. तक्रारही रिझर्व्ह बँकेकडे चालत नाही, सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं. जास्त व्याजाच्या मोहाने खान्देशातल्या किती घरांची झोप उडाली, ते जुन्या ठेवीदारांना विचारा. रोजच्या दैनंदिन ठेवीपुरतं ठीक. सगळी पुंजी तिथे नको.

कापलेले पैसे परत मागायचे तर कुठे जायचं?

आधी शाखेत, आणि लेखी. तोंडी सांगितलेलं बँकेत हवेत विरतं. अर्जात तारीख, रक्कम आणि पासबुकातली नोंद जशीच्या तशी लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. सीएमएस पोर्टलवर तक्रार भरता येते आणि १४४४८ या टोल फ्री क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. माझा अनुभव असा, की अर्जात शेवटी 'अन्यथा लोकपालाकडे दाद मागेन' एवढं एक वाक्य असलं, की शाखेतली फाईल जरा लवकर हलते.

पासबुकात इतके इंग्रजी शब्द असतात. नेमकं काय बघायचं?

दर दोन महिन्यांनी पासबुक छापून आणा आणि उणे रकमांच्या रांगेवरून बोट फिरवा. 'एमएबी' किंवा 'मिनिमम बॅलन्स' दिसलं तर तो शिल्लकीचा दंड. 'रिटर्न' दिसलं तर हप्ता किंवा चेक परत गेलाय. 'एएमसी' म्हणजे कार्डाची वार्षिक फी. कार्ड वापरत नसाल तर परत करा. ११८, २९५, ५९० असे आकडे दिसले की समजा ते १००, २५० आणि ५०० च्या फीवर जीएसटी लागून झालेले आहेत. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही तिच्यापुढे पेन्सिलीने फुली मारा आणि काउंटरवरच्या पोराला विचारा. तो म्हणेल, "काका, सिस्टिमने कापलंय." त्याला म्हणा, "बाबा, कोणत्या नियमाने कापलंय ते या कागदावर लिहून दे."